सासूबाईंचं माळवद आणि दोन एसी

पत्र : ताई, आमचं घर सोलापुरात शनिवार पेठेत आहे. रुंदी सोळा फूट, लांबी चाळीस. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांशी सामाईक भिंती. दार पश्चिमेला, रस्त्यावर. पुढची ओसरी आणि माजघर माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या मातीच्या छपराचं, आजेसासऱ्यांच्या वेळचं. मधली झोपायची खोली स्लॅबची, १९९४ ची. मागे स्वयंपाकघर, त्यावर पत्रा. तिथंही पूर्वी माळवदच होतं, सासऱ्यांनी त्र्याण्णव साली उतरवलं. गेल्या मे महिन्यात जीव नकोसा झाला. स्लॅबच्या खोलीत रात्री बारापर्यंत झोप नाही, स्वयंपाकघरात भाकऱ्या करताना चक्कर येते. बिल जानेवारीत १३० युनिटचं, मेमध्ये ३१२. कंत्राटदार म्हणतात, माळवद काढा, पुढेमागे एकसारखा स्लॅब टाकू, पाडण्याचे पैसे घेणार नाही. मिस्टर म्हणतात, दोन एसी लावू. मुलगा पुण्याहून सांगतो, आधी सोलर. आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई म्हणतात, ‘ह्या माळवदाखाली मी तीन बाळंतपणं काढली, पंखासुदिक नव्हता. हात लावू देणार न्हाई.’ साठवलेले चार लाख आहेत, स्लॅबसाठी वर कर्ज काढावं लागेल. माळवदावर दीड फूट तरी माती आहे आणि दोन ठिकाणी गळतं. कुणाचं ऐकू?

— शनिवार पेठेतली एक वाचक

उत्तर :

ताई,

सासूबाईंचं ऐका. पण निम्मंच. उरलेलं निम्मं का ऐकायचं नाही, तेही सांगते, कारण तो भाग जिवाशी आहे.

आधी तुमचं घर उन्हाच्या नजरेने बघू. दोन्ही लांब भिंती शेजाऱ्यांच्या घरांनी झाकलेल्या. म्हणजे भिंतीवर ऊन पडायला जागा दोनच: पुढचं सोळा फुटांचं तोंड आणि मागची परसाकडची भिंत. बाकी सगळं ऊन डोक्यावर. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दुपार अशी येते की सूर्य बरोबर माथ्यावर असतो आणि उभ्या काठीची सावलीच पडत नाही. शाळेतली पोरं त्या दिवशी मैदानात बाटल्या उभ्या करून बघत बसतात. त्या दिवसाच्या आगेमागे महिनाभर तुमचं छप्पर सकाळी नवापासून संध्याकाळी पाचपर्यंत ऊन पीत असतं. पेठेतल्या घराचा उकाडा हा ऐंशी टक्के छपराचा उकाडा असतो, असं मी आर्किटेक्ट म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते. ऐंशी हा आकडा मोजलेला नाही, पण पैसे कुठे घालायचे ते त्यावरून बरोबर कळतं.

आणि छपरं तुमच्याकडे एक नाही, तीन आहेत.

पत्रा व्यवहाराला रोखीचा. ऊन आलं की त्याच मिनिटाला खाली देतो, सूर्य मावळला की तासाभरात गार. म्हणून स्वयंपाकघरात तुम्हाला अकरा वाजता चक्कर येते आणि रात्री भांडी घासताना तिथंच बरं वाटतं. स्लॅब उधारीवर चालतो. दिवसभर घेत राहतो आणि अंथरूण घातलं की वसुलीला येतो. तवा गॅसवरून उतरवल्यावरही त्यावर पापड भाजता येतो, तसाच हा पाच इंची काँक्रीटचा तवा. रात्री दहाला स्टुलावर चढून छताला तळहात लावून बघा, मी काय म्हणते ते कळेल. आणि त्या तापलेल्या छताखाली पंखा फिरतो तो तीच गरम हवा तुमच्या अंगावर लोटतो.

माळवदाचं गणित वेगळं. तुळया, त्यावर लाकडी चिपा, पाला, चिखल आणि वर दाबून बसवलेली पांढरी माती. दुपारचं ऊन एवढ्या मातीतून खाली झिरपायला दहा-बारा तास घेतं. तोवर मध्यरात्र उलटते, वर गार वारा सुटतो आणि ती ऊब आली तशी परत फिरते. आपल्याकडे एप्रिल-मेत दिवसाचा पारा चाळिशी ओलांडतो, पण रात्री तो पंचविशीच्या आसपास उतरतो. दिवस-रात्रीतल्या या पंधरा अंशांच्या फरकावरच माळवद जगतं. मुंबईत हेच माळवद बांधलं असतं तर उपयोग शून्य. तिथं रात्र गार होतच नाही. सासूबाईंनी पंख्याविना बाळंतपणं काढली याचं कारण हे.

आता त्यांचं निम्मं का ऐकायचं नाही.

सासऱ्यांनी त्र्याण्णव साली माळवद उतरवलं, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराची ती भूकंपाची वेळ सोलापुरातल्या माझ्या वयाच्या कुठल्याही माणसाला विचारा. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. आमच्याही घरातली मांडणीवरची भांडी खाली आली होती. किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं झोपेत गेली, आणि ती बहुतेक दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली गेली. त्यानंतर आपल्या भागात माळवदाची अशी धास्ती बसली की लोकांनी ती भराभर उतरवून पत्रे टाकले. एका भीतीतून सुटका झाली आणि तीस वर्षं उन्हात भाजणं नशिबी आलं. तुमचं स्वयंपाकघर त्याचंच उदाहरण.

दोष मातीचा नव्हता, वजनाचा होता. दरवर्षी मृगाआधी वर नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही. पन्नास वर्षांत नऊ इंचांचं माळवद दीड फुटांचं होतं. तुमच्या पुढच्या भागाचा हिशेब मी मांडून बघितला. सोळा बाय सोळा धरलं, दीड फूट माती धरली, तर सुमारे ३८५ घनफूट. दाबलेल्या मातीचं वजन घनफुटाला पंचेचाळीस किलो धरा. सतरा टन. कोरडी असताना. सासूबाई ज्याखाली झोपतात ते सतरा टन आहे, ताई, आणि दोन ठिकाणी त्यात पाणी मुरतंय.

म्हणून माळवद राहील, पण हलकं होऊन.

पहिलं काम: एखादा स्ट्रक्चरल इंजिनीयर आणि एखादा म्हातारा सुतार, दोघांना एकाच दिवशी घरी बोलवा. एकट्या इंजिनीयरला लाकूड कळत नाही, एकट्या सुताराला भूकंप कळत नाही. प्रत्येक तुळईवर हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर आत वाळवी. मधल्या भागापेक्षा भिंतीत घुसलेली टोकं बघा, लाकूड कुजतं ते तिथं. स्क्रू-ड्रायव्हर दाबून आत जातो का ते तपासायचं. तुमचं माळवद लाकडी खांबांवर उभं आहे की नुसतं भिंतींवर टेकलंय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. खांब असतील तर निम्मी काळजी मिटली, कारण भिंत सरकली तरी छप्पर खांबांवर राहतं. नसतील तर आतून खांब द्यायला लागतील, लाकडी किंवा लोखंडी. यावर पैसा खर्च करताना हात आखडू नका.

आणि जर सुतार म्हणाला की निम्म्याहून जास्त तुळया गेल्यात, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि माळवद उतरवा. सासूबाई रागावतील. रागावू द्या.

पण माझा अनुभव असा की पेठेतल्या जुन्या घरात दोन-तीन तुळयांची टोकं गेलेली असतात, बाकीचं सागवान अजून पन्नास वर्षं चालेल असं असतं. कंत्राटदार पाडण्याचे पैसे घेत नाहीत, यामागचं इंगितही तेच. जुन्या सागवानाला बाजारात काय भाव आहे ते एकदा विचारून या. तुमच्या डोक्यावरचं लाकूड हीच त्यांची मजुरी, वर शिल्लकही राहील.

त्यांच्या ‘एकसारख्या स्लॅब’बद्दल अजून एक. दगड-मातीच्या जुन्या भिंतींवर थेट स्लॅब ओतू, असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आरसीसीला स्वतःचे कॉलम आणि पाया लागतो. तुमच्या तुळयांची टोकं सामाईक भिंतीत आहेत. त्या उपटताना शेजाऱ्याच्या भिंतीला तडा गेला तर त्याचं भांडण वेगळं. महापालिकेची परवानगी, नवा पाया, कर्जाचे हप्ते, आणि एवढं करून मिळणार काय? ज्या खोलीत तुम्हाला झोप येत नाही, तसल्या अजून दोन.

तर माती. वरची सगळी माती थराथराने काढायची. एकाच कोपऱ्यातून काढत जायचं नाही, वजन एका बाजूला झुकतं. चिपा-पाला बघायचा, कुजलेलं बदलायचं, लाकडाला वाळवीचं औषध, आणि नवी माती आठ-नऊ इंचच टाकायची. बोजा अर्ध्यावर येतो. माती कमी केली की गारवाही कमी होणार, बरोबर? त्याची भरपाई सावलीने करायची.

तुमच्या स्वयंपाकघराचे पत्रे उतरवा आणि माळवदावर चढवा. थट्टा करत नाही. माळवदाच्या वर दोन फूट मोकळी जागा सोडून, पुढून-मागून उघडं, हलक्या लोखंडी सांगाड्यावर पत्र्याचं छत्र उभं करा. ऊन पत्रा झेलेल, तापेल, आणि मधल्या मोकळ्या जागेतून वारा ती धग घेऊन जाईल. खालच्या मातीला ऊनही नाही आणि पाऊसही नाही. गळती संपली, दरवर्षीची माती टाकणं संपलं. खोलीवर थेट घातला की जाच करणारा पत्रा, दोन फूट वर उचलला की छत्री होतो. सांगोल्याकडचा शेतकरी डाळिंबाला ऊन लागू नये म्हणून झाडावर कापड टाकतो, तेच हे. मात्र सांगाड्याचे पाय तुळयांवर टेकवायचे नाहीत, इंजिनीयर दाखवेल तिथंच. आणि पत्रे हुकने आवळून बसवा. वर दगड ठेवायची आपली पद्धत वळवाच्या एका वाऱ्यात पेठेतल्या चार डोक्यांवर येऊ शकते. जुन्या खिळ्यांच्या भोकांना रबरी वॉशर आणि सीलंट. तुमचे पत्रे जस्ताचे आहेत असं मी धरलंय. ते करड्या सिमेंटचे जुने पत्रे असतील तर कापू-फोडू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ छातीत जाते.

पत्र्याचा उतार मागच्या हौदाकडे ठेवा. वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस धरला तरी एवढ्या छत्रावरून दहा हजार लिटरच्या वर पाणी येतं. काही दिवसांआड नळाची वाट बघणाऱ्या गावात ते कुणाला नको असेल?

माळवदावर प्लॅस्टिकची ताडपत्री अंथरून वर सिमेंट ओतायचा सल्ला कुणी ना कुणी देईलच. घेऊ नका. मातीतला ओलावा खाली अडकतो आणि लाकूड आतून सडतं. हेच भिंतीचं. तुमच्या ओसरीच्या भिंतीला बहुधा मागच्या दुरुस्तीत सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट झाला असणार, आणि खाली तीन फुटांपर्यंत लोणा लागून पोपडे निघत असतील. (नसेल तर मला पत्र टाका, मी माझं अनुमान मागे घेते.) दगड-मातीची भिंत श्वास घेते, सिमेंटने तिचं नाक दाबलं जातं. खालचा गिलावा काढून चुन्याचा करा. गूळ-हिरडा घातलेला जुन्या पद्धतीचा चुना करणारा गवंडी मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर साधा चुना-वाळूचाही चालेल.

स्लॅबवर मी सगळ्यात कमी पैसे घालणार आणि सगळ्यात जास्त फरक पाडणार. पण आधी माझी फजिती सांगते. २०११ साली माझ्या स्वतःच्या घराची गच्ची गळायला लागली. एका ठेकेदाराने वर काळी डांबरी शीट चिकटवून दिली. गळती थांबली, मी खूश. पुढच्या एप्रिलमध्ये खालच्या खोलीत पाय ठेवता येईना. मी आर्किटेक्ट, लोकांना शहाणपण सांगणारी, आणि माझ्याच डोक्यावर काळा तवा घालून घेतला होता. काळा रंग जवळजवळ सगळं ऊन गिळतो, ताजा पांढरा चुना त्यातलं बहुतेक परत आकाशात फेकतो. त्या शीटवर पांढरा लेप दिला तेव्हा खोली माणसात आली.

तुम्ही चुनाच द्या. कळीचा चुना आदल्या रात्री पिंपात विरवायचा (पोरं आणि डोळे लांब ठेवा, तो उकळतो), सकाळी गाळायचा, त्यात पांढरं सिमेंट आणि चिकटण्यासाठी फेविकॉलसारखं काहीतरी. गच्ची आधी घासून धुतलेली हवी, भेगा भरलेल्या हव्यात. ऊन उतरल्यावर पहिला हात आडवा, दुसऱ्या दिवशी दुसरा उभा, मध्ये पाणी शिंपडत राहायचं. होळीच्या आसपास दरवर्षी. आपल्या धुळीने तो दोन महिन्यांत मळतो, म्हणून एप्रिलअखेर एकदा झाडून धुवून घ्या. असा पांढरा हात दिला की खालच्या खोलीत दोन ते चार अंशांचा फरक पडताना मी स्वतः थर्मामीटर लावून पाहिलाय. तेलंगणा सरकारने २०२३ मध्ये याच कल्पनेचं ‘कूल रूफ’ धोरण केलं. आपल्याकडे अजून चुन्याची बादली ज्याची त्याने उचलायची आहे. बाजारात याच कामाचे तयार रंगही मिळतात, महाग पण चार-पाच वर्षं टिकतात. पैसे उरले तर तेही करा, आधी नको.

स्वयंपाकघरावर आता पत्रा राहिला नाही, तिथं पफ पॅनल टाका. दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेला, दोन इंच जाडीचा, वरची बाजू पांढरी. वजनाला हलका, त्यामुळे सासऱ्यांची भीतीही जपली जाते. फोम आगीला वाईट, म्हणून शेगडीच्या वरच्या भागात आतून सिमेंट बोर्डाचं अस्तर हवंच. आणि धुराड्याची जागा अगदी वर, छताला लागून. तिथं एक्झॉस्ट पंखा. कडक भाकऱ्यांचं घर दिसतंय तुमचं, दिवसाला दोन तास गॅस पेटत असेल. ती धग खिडकीतून जात नाही, ती वर चढते, तिला वरचंच दार हवं.

पश्चिमेचं तोंड. संध्याकाळी चार ते सहा तिथं आडवं ऊन येतं आणि वरचा छज्जा त्याला काहीच करू शकत नाही. पडदा आत लावून उपयोग नाही. ऊन काचेच्या आत आलं की आलं, मग पडदा तापतो आणि खोलीही. अडवायचं ते बाहेर. बांबूची चीक, म्हणजे काड्यांचा पडदा, ओसरीच्या बाहेरच्या कडेला. ती येईपर्यंत घरातल्या दोन जुन्या सोलापुरी चादरी तारेवर अडकवा. एवढी जाड चादर अंगावर घेण्यापेक्षा मेमध्ये दारावर जास्त शोभते.

आता विजेचं. मे आणि जानेवारीच्या बिलांतला फरक १८२ युनिट. त्यातला मोठा वाटा पंख्यांचा असणार. जुना पंखा पंचाहत्तर वॉट खातो. असे चार पंखे दिवसाला सोळा तास चालले तर महिन्याला १४४ युनिट. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, तीसेक वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. तेच चार पंखे ५८ युनिटमध्ये. शहाऐंशी युनिट वाचले, एसी न घेता, भिंत न फोडता. महावितरणच्या बिलात शंभर युनिटच्या पुढचा दर पहिल्या शंभराच्या जवळजवळ दुप्पट असतो आणि तीनशेच्या पुढे आणखी चढतो. तुमचे वाचणारे युनिट या वरच्या, महागड्या पायऱ्यांवरचे आहेत. चारही पंखे एकदम बदला.

मिस्टरांना एसीची इतकी ओढ का आहे, हे मला समजतं. रात्रीची झोप गेली की माणूस दुसऱ्या दिवशी कामाचा राहत नाही, आणि घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांचं माणूस आहे. म्हाताऱ्या शरीराला सलग गरम रात्री खरोखर घातक असतात. म्हणून एसीला मी नाही म्हणणार नाही. एक घ्या, पाच स्टारचा, स्लॅबच्या खोलीत. पण या वर्षी चुना, पुढच्या मेमध्ये गरज वाटली तर एसी, या क्रमाने. तापलेल्या छताखाली दीड टनाचाही धापा टाकतो. पांढऱ्या छताखाली तेवढ्याच खोलीला एक टन पुरतो. सव्वीस-सत्तावीसवर ठेवून वर पंखा मंद. दोन एसी रात्रभर चालवले तर मे महिन्याचं बिल सहज पाचशे युनिट ओलांडेल, म्हणजे सगळ्यात महाग पायरी. माळवदाच्या खोलीत तर एसी लावूच नका. त्या छताला आणि जुन्या दारांना शंभर फटी, गार हवा रस्त्यावर जाईल. तिथं कुलर. आपली एप्रिल-मेतली हवा कोरडी ठणठणीत, कुलरला याहून चांगलं गाव नाही. कुलर ओसरीत सावलीला ठेवायचा आणि समोर हवा जायला वाट उघडी ठेवायची, नाहीतर खोलीची दमट, कोंदट वखार होते. तासाला पाच-सात लिटर पाणी पितो, हे मात्र हौदाकडे बघून ठरवा. मृग लागला की तो बंद. दमट हवेत नुसता चिकचिकाट.

यातलं काहीही लावण्याआधी लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग बदला, अर्थिंग करून घ्या, मीटरजवळ शॉक लागल्यावर वीज तोडणारा ब्रेकर बसवा. घरावर लोखंडी सांगाडा आणि पत्रा येतोय, इथं काटकसर नको.

मुलाचं सोलर. त्याला सांगा, तू बरोबर आहेस, पण तुझा नंबर शेवटचा. आधी गरज कमी करायची, मग उरलेल्या गरजेएवढं सोलर. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे तीस हजार रुपये अनुदान आहे, तीन किलोवॉट आणि पुढे एकूण अठ्ठ्याहत्तर हजार. एक किलोवॉट आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतो. पंखे बदलल्यावर तुमचं वर्षभराचं सरासरी बिल महिन्याला दीडशे युनिटच्या आसपास येईल. दीड-दोन किलोवॉट पुरे. आज घाईने तीन किलोवॉट बसवलं तर निम्मं सोलर तापलेल्या स्लॅबशी भांडण्यात जाईल. पॅनल स्लॅबवरच, माळवदाच्या छत्रावर नको. स्लॅबवर ती दोन-तीन फूट उंचावर बसवली की खाली सावली मिळते, हा फायदा फुकट. शेजारी कुणी तीन मजली बांधलंय का, त्याची सावली कधी पडते, ते डिसेंबरात एकदा दिवसभर बघा. पॅनलखाली चुना देता येईल एवढी उंची ठेवायला सांगा, बसवणारे विसरतात.

पैशांचं: चार लाखांत लाकूड, माती, छत्र, स्वयंपाकघर, चुना, पंखे, वायरिंग एवढं बसवायचं. निम्म्याहून जास्त माळवदावर जातील. सोलर आणि एसी पुढच्या वर्षी. कर्ज काढू नका.

वेळही आत्ताचीच. जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा होईपर्यंत इंजिनीयर-सुतारांची तपासणी आणि लाकूड. संक्रांतीनंतर माती आणि छत्र, फेब्रुवारीत चुन्याचा गिलावा, कारण त्याला थंडीत ओल धरायला सोपं जातं. होळीला गच्चीवर चुना. कंत्राटदारांना ॲडव्हान्स दिला असेल तर तोच पैसा छत्राच्या सांगाड्याकडे वळवता येतो का, हे गोडीने विचारा.

सासूबाईंकडे एक काम सोपवा. जुन्या माळवदाला मध्ये उजेड-वाऱ्यासाठी साणं असतं. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे पावसाच्या नाहीतर चोराच्या भीतीने ते कधीतरी शहाबादी फरशी टाकून बुजवलं असणार. ते पुन्हा उघडायचंय. भोवती वीतभर उंच कठडा, बाजूंना जाळी, आणि खाली दोरीने ओढायचं झाकण. दिवसा बंद, दिवेलागणीला उघडं. घरातली साठलेली गरम हवा तिथून वर जाईल आणि पुढच्या दारातून गार आत येईल. आता वर पत्र्याचं छत्र येणार, म्हणजे पावसाचाही प्रश्न नाही. ते नेमकं कुठल्या खणात होतं, हे घरात आता त्यांनाच आठवत असेल. विचारून खालून तुळईवर खडूची खूण करून ठेवा, म्हणजे गवंड्याला दीड फूट मातीत ते शोधत बसावं लागणार नाही.